नजर हेडवरून मॅटवर आणायला मला तीन वर्षं लागली

प्रश्न असा आहे: 'एखादी खेळाडू दहा-बारा वर्षं देशाकडून लॉन बोल्स खेळली आणि मग प्रशिक्षक झाली, तर तिला वेगळं असं काय शिकावं लागतं? जिला उत्तम खेळता येतं तिला शिकवता येणारच ना?'

नाही येत. निदान मला आलं नाही. मी बारा वर्षं आंतरराष्ट्रीय सामने खेळले, बहुतेक वेळा चौघींच्या संघात तिसऱ्या क्रमांकावर. पण प्रशिक्षक म्हणून पहिली तीन वर्षं मी चुकीच्या टोकाकडे बघत होते. हे अलंकारिक बोलत नाहीये, शब्दशः घ्या.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. सपाट हिरवळीवर, म्हणजे ग्रीनवर, साधारण पाच मीटर रुंदीच्या पट्ट्या आखलेल्या असतात. अशा एका पट्टीला रिंक म्हणतात. एका टोकाला मॅट टाकायची आणि तिथून जॅक नावाचा लहानसा पांढरा किंवा पिवळा चेंडू घरंगळत पाठवायचा. तो मॅटपासून किमान 23 मीटरवर थांबायला हवा. मग दोन्ही बाजूंनी आळीपाळीने आपले बोल जॅकच्या जवळ नेऊन ठेवायचे. जॅक आणि त्याच्याभोवती जमलेले बोल मिळून 'हेड' होतं आणि अशी एक फेरी म्हणजे एक 'एन्ड'. ज्या बाजूचा बोल जॅकच्या सर्वांत जवळ, गुण फक्त तिलाच. समोरच्याच्या सर्वांत जवळच्या बोलापेक्षाही आत आपले जितके बोल, तितके गुण. बोलाचं वजन जास्तीत जास्त 1.59 किलो असू शकतं आणि तो चेंडूसारखा पूर्ण गोल नसतो. त्याची एक बाजू किंचित वेगळी घडवलेली असते, तिला बायस म्हणतात. त्यामुळे बोल सरळ जात नाही. आधी बाहेर जातो आणि वेग मंदावला की जॅककडे वळत येतो.

आता मूळ मुद्दा. खेळाडूची नजर हेडवर असते आणि तिथेच असायला हवी. बोल हातातून सुटल्यावर तो थांबेपर्यंत दहा, बारा, कधी सतरा सेकंद जातात. त्या सेकंदांत खेळाडू सगळं जगून घेते: पुढे झुकते, हाताने बोलाला बोलावते, मागे ढकलते. पण बोल सुटला त्या क्षणीच त्याचं काय होणार ते ठरून गेलेलं असतं. मॅटवरचं एक पाऊल आणि हाताचा एक झोका, एवढाच काय तो खेळ. बाकीचे सेकंद नुसता निकाल वाचण्याचे. मी बारा वर्षं निकाल वाचण्यात पटाईत झाले होते, त्यामुळे प्रशिक्षक झाल्यावरही तेच करत राहिले. विद्यार्थ्याचा बोल आत पडला की 'जरा बाहेर टाक', कमी पडला की 'थोडं वेट वाढव', म्हणजे सोडायचा जोर वाढव. हे तर त्यालाही दिसत होतंच.

माझ्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एकाचे फोरहँडचे, म्हणजे उजवीकडून बाहेर जाऊन वळत येणारे, बोल सतत आत, जॅकच्या अलीकडून ओलांडून जायचे. मी म्हणायचे, बाहेर घे. तो बाहेर घ्यायचा. दोन बोल बरे पडायचे, तिसरा शेजारच्या रिंकच्या दिशेने निघायचा, चौथा परत आत. असं जवळपास दीड महिना चाललं. शेवटी क्लबातल्या एका जुन्या प्रशिक्षकाने माझे खांदे धरून मला हेडकडे पाठ करून उभं केलं आणि म्हणाला, 'आता त्याचा पाय बघ.' पाय जॅकच्या दिशेने पडत होता. बोल सोडायची रेषा बाहेरची, पाऊल आतलं, म्हणून हात दर वेळी अंगावरून आडवा येत होता. मी 'बाहेर घे' म्हटलं की तो पाऊल तसंच ठेवून फक्त मनगट बाहेर ढकलायचा. चूक एक आणि तिच्यावर मी शिकवलेली दुसरी. पाऊल रेषेत आणल्यावर चार-पाच दिवसांत आत-बाहेरचा गोंधळ निम्म्यावर आला. त्या दीड महिन्याची मला आजही लाज वाटते.

तेव्हापासून सरावाचा निम्मा वेळ मी बोल कुठे थांबतो हे बघतच नाही. विद्यार्थ्यालाही बघू देत नाही. मॅटपासून काही मीटरवर दोरी बांधून तिच्यावर चादर टाकते. बोल खालून निघून जातो, पलीकडचं काही दिसत नाही. मग विचारते, 'सांग, कमी की जास्त? आत की बाहेर?' उत्तर दिल्यानंतरच चादर उचलायची. सुरुवातीला सगळे चिडतात. पण दोन आठवड्यांत हाताला स्वतःचं खरं-खोटं कळू लागतं, आणि सामन्यात पुढचा बोल सुधारायला तेवढंच हाताशी असतं.

दुसरी गोष्ट, जी खेळाडू म्हणून मला हाताने येत होती आणि डोक्याने अजिबात माहीत नव्हती: बोल का वळतो आणि किती. प्रशिक्षक झाल्यावर ते समजून घ्यावं लागलं, कारण विद्यार्थी 'का' विचारतात. बायसमुळे बोलाचं वजन एका अंगाला थोडं झुकतं राहतं. वेगात असलेला बोल हा झुकाव फारसा जुमानत नाही. वेग निम्मा झाला की त्याच्या वाटेचा बाक चौपट होतो. शिवाय वेग निम्म्यावर येतो तेव्हा उरलेलं अंतर साधारण पाव असतं. म्हणून वळण शेवटच्या टप्प्यात एवढं दिसतं. यातून एक मजेशीर गोष्ट निघते, जी चांगल्या-चांगल्या खेळाडूंना पटत नाही: एकाच ग्रीनवर जॅक 23 मीटरवर असो की 33 मीटरवर, मॅटवरून धरायचा कोन जवळजवळ तोच राहतो. बदलायचं असतं फक्त वेट. लांब जॅक दिसला की कोन वाढवायचा मोह होतो, तो टाळायचा. हे मला वीस वर्षांची असताना कुणी सांगितलं असतं तर काही एन्ड नक्की वाचले असते.

कोन बदलतो तो ग्रीन बदलली की. ग्रीनचा वेग सेकंदांत सांगतात: मॅटपासून 27 मीटरवर जाऊन थांबणाऱ्या बोलाला किती वेळ लागला, तो. ब्रिटनमधल्या जड ग्रीनवर दहा-बारा सेकंद, न्यूझीलंडमध्ये सतरा-अठरा किंवा त्याहूनही जास्त. तिथल्या कित्येक ग्रीनवर तर गवत नसतंच, कोटुला नावाची जमिनीलगत पसरणारी वनस्पती असते. नवख्याला उलटं वाटतं ते हे, की सेकंद जास्त ती ग्रीन वेगवान. कारण जमीन अडवत नाही, बोल हळू सोडला तरी पोचतो आणि रेंगाळत पोचतो. 11 सेकंदांच्या ग्रीनवर बोल हातातून सेकंदाला साधारण 4.9 मीटर वेगाने सुटायला हवा, 17 सेकंदांच्या ग्रीनवर 3.2 मीटरने. हळू बोल जास्त वळतो, म्हणून रेषाही खूप बाहेरची.

दौऱ्यावर गेलेला संघ पहिल्या दोन दिवसांत नेमका इथे अडखळतो. जड ग्रीनवर वाढलेल्या खेळाडूला वेगवान ग्रीनवर 'हळू टाक' म्हटलं की ती झोका मोठाच घेते आणि सोडताना हात आवरते. आवरलेला हात थरथरतो, बोल डगमगत निघतो आणि रेषाही जाते, वेटही जातं. सांगायचं असतं वेगळंच: हात मागे कमी ने, पाऊल आखूड टाक, बाकी हात आपसूक झुलू दे. जड ग्रीनवर याच्या उलट. मी स्वतः खेळताना हे सगळं करत होते, पण मला कुणी विचारलं असतं तर 'अंदाज येतो हळूहळू' एवढंच सांगितलं असतं. अंदाज कसा येतो हे सांगता येईना, तोवर माझा अंदाज दुसऱ्याच्या काय कामाचा!

नकलेबद्दलही सांगायला हवं. नावाजलेल्या खेळाडूकडे लोक तिच्यासारखं खेळायला शिकायला येतात आणि तिलाही ते सुखावतं. इंग्लंडच्या डेव्हिड ब्रायंटचं उदाहरण मी नेहमी देते. 1966, 1980 आणि 1988 अशी तीन एकेरी विश्वविजेतेपदं; राष्ट्रकुल स्पर्धांत 1962, 1970, 1974 आणि 1978 ला एकेरीचं सुवर्ण. मधलं 1966 चं वर्ष सुटलेलं दिसतं, कारण त्या वर्षी किंग्स्टनच्या स्पर्धेत हा खेळच नव्हता. ब्रायंट तोंडात पाइप ठेवून मॅटवर खाली बसायचा आणि तिथून उठत बोल सोडायचा. ते त्याच्या गुडघ्यांना, त्याच्या तोलाला जमत होतं. दुसऱ्याने ती बैठक उचलली म्हणून त्याचा हात मिळत नाही. माझी स्वतःची पद्धत बरीच उभ्याची आहे, कारण माझी कंबर मला वाकू देत नव्हती. आणि एका लवचीक, खाली सहज जाणाऱ्या मुलीला मी वर्षभर उभ्याने खेळवलं. तिने विचारलंही होतं की मी थोडी वाकू का. मी म्हटलं, नको, असंच बरं असतं. बरं कुणाला असतं, हे तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही.

आता शब्दांकडे. आपल्या भाषेत 'बोल' हा शब्द दोन्ही कामं करतो, हे मला प्रशिक्षक झाल्यावरच भिडलं. माझी खरी शिकवणी झाली ती अंशतः दृष्टी असलेल्या एका खेळाडूबरोबर. पॅरा बोल्समध्ये या गटातल्या खेळाडूला डायरेक्टर असतो. तो तिला रेषेवर उभं करतो, हेड कसं आहे ते सांगतो, बोल कुठे थांबला ते सांगतो. मला काही महिने ते काम करावं लागलं. पहिल्या दिवशी मी म्हटलं, 'छान, जवळ आहे.' ती म्हणाली, 'जवळ म्हणजे किती? कुठल्या बाजूला?' मग घड्याळाची भाषा शिकले. जॅक मध्यभागी, आपण सहाच्या बाजूने खेळतोय असं धरायचं. 'तुझा बोल चारवर, दीड फुटावर. त्यांचा अकरावर, एक फुटावर. दोनची वाट मोकळी.' तीन वाक्यांत पूर्ण हेड. परत आल्यावर डोळस खेळाडूंशी मी तसंच बोलायला लागले आणि लक्षात आलं की त्यांनाही आजवर मी 'छान, जवळ आहे' यापलीकडे फार काही दिलेलं नव्हतं. प्रशिक्षक होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने हे काम काही दिवस तरी करावं असं माझं ठाम मत आहे. कुठल्याही प्रमाणपत्राच्या वर्गापेक्षा ते जास्त शिकवतं.

सामन्याच्या दिवशी मात्र हे शब्दही जपून वापरायचे. प्रशिक्षकाची जागा ग्रीनच्या काठावर असते आणि काठावरून सगळं सोपं दिसतं. खेळत असताना मला स्किपचा, म्हणजे संघाच्या कर्णधाराचा, एक इशारा पुरायचा; प्रशिक्षक झाल्यावर मी चार एन्डांत दहा सूचना पाठवायला लागले. आता मी सामन्यात तांत्रिक चूक दुरुस्त करत नाही. पाऊल आतच पडत असेल तर पडू दे, ते उद्या बघू. सामना चालू असताना बदलण्यासारख्या गोष्टी मोजक्याच: मॅट कुठे टाकायची, जॅक किती लांब ठेवायचा, फोरहँडने खेळायचं की बॅकहँडने. मॅट मागच्या डिचपासून, म्हणजे ग्रीनच्या टोकाच्या चरीपासून, दोन मीटरवरही टाकता येते आणि चांगली पुढेही आणता येते. समोरचा संघ लांब जॅकवर रुळला असेल तर आपण एन्ड जिंकला की आपल्या लीडने, म्हणजे पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूने, मॅट पुढे आणायची आणि जॅक आखूड ठेवायचा. त्यांचं वेट दोन-तीन एन्ड तरी हलतं. 'आखूड कर' एवढे दोन शब्द पुरतात.

संघ निवडणं हे या कामाचं सर्वांत कडू अंग. चौघींच्या संघात प्रत्येकीला दोन बोल मिळतात आणि प्रत्येकीचं काम वेगळं असतं. लीडने मॅट टाकायची, जॅक सांगितलेल्या लांबीवर ठेवायचा आणि शांतपणे जवळ बोल लावायचे. दुसरीने ते हेड भक्कम करायचं. तिसरीने बिघडलेलं दुरुस्त करायचं, अंतर मोजायचं आणि स्किपचा पारा सांभाळायचा. स्किपने सगळ्यांनी केलेल्या पसाऱ्यातून वाट काढायची. लोकांना वाटतं सर्वांत चांगली खेळाडू म्हणजे स्किप आणि लीड म्हणजे नवखी. हा समज मोडण्यात माझं बरंच आयुष्य गेलं. चांगली लीड मिळणं चांगली स्किप मिळण्यापेक्षा अवघड आहे, कारण तिला टाळ्या मिळत नाहीत.

आणि मग ज्यांच्याबरोबर आपण खेळलो त्यांनाच वगळावं लागतं. माझ्याबरोबर आठ वर्षं दुसऱ्या क्रमांकावर खेळलेल्या मैत्रिणीचं नाव मी यादीत घातलं नाही आणि तिला ते यादी लागल्यावर कळलं. निर्णय बरोबर होता, पद्धत भेकड होती. आता आधी समोर बसून सांगते, कारण आकड्यांसकट सांगते, आणि ऐकून घेते. मैत्री टिकतेच असं नाही.

दुसऱ्या खेळांतून आलेल्या मुलामुलींकडे मात्र मी फार आशेने बघते. 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या चौघींनी अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला 17-10 हरवून सुवर्ण घेतलं, तेव्हा अनेकांनी हा खेळ पहिल्यांदा बघितला. त्या संघातली नयनमोनी सैकिया आधी वेटलिफ्टर होती, रूपा रानी तिर्की कबड्डीतून आलेली. अशा खेळाडूंना सरावाची शिस्त माहीत असते, आणि बोल्सच्या वाईट सवयी लागलेल्या नसतात. लहानपणापासून खेळलेल्या खेळाडूचा हात सोडवण्यापेक्षा नवा हात घडवणं सोपं जातं. शरीराकडे मात्र त्यांच्याबाबतीत जास्त लक्ष द्यावं लागतं, कारण ते या खेळाला हलकं समजतात. सरावात शंभर बोल म्हणजे पुढच्या गुडघ्यावर शंभर वेळा वाकणं आणि दर वेळी दीड किलोच्या आसपास वजन झुलवणं. बोलाचा आकारही त्यांना मोठा हवा असतो, दिसायला दमदार म्हणून. मी साधी परीक्षा घेते: बोल हातात धरून तळवा खाली कर आणि हात हलव. सुटला तर एक आकार खाली.

पोटापाण्याचं म्हणाल तर स्पष्ट सांगते: पूर्ण वेळ पगारी प्रशिक्षकांच्या जागा जगभरात मोजक्या आहेत. बाकीचे नोकरी सांभाळून, शनिवार-रविवार देऊन हे करतात. 2004 चा एकेरी विश्वविजेता स्टीव्ह ग्लासन पुढे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला, ते या वाटेचं वरचं टोक. इंग्लंडचा टोनी ऑलकॉक, 1992 आणि 1996 चा एकेरी विश्वविजेता, संघटनेच्या कारभारात गेला आणि मुख्य कार्यकारी अधिकारी झाला. तीही एक वाट आहे. पण पंच होणं, निवड समितीवर जाणं, ग्रीनची निगा शिकणं या वाटा कमी लेखू नका. ग्रीनकीपरबरोबर एक हंगाम पहाटे काढला तर ग्रीनचा वेग सकाळी, दुपारी आणि पावसानंतर का बदलतो हे कायमचं कळतं.

तुम्ही हे स्वतःसाठी विचारत असाल, तर पहिल्या वर्षी राष्ट्रीय संघ घेऊ नका, कितीही आग्रह झाला तरी. क्लबातले सात-आठ नवखे घ्या, वय काहीही असो. नवखे चूक लपवत नाहीत, त्यामुळे तुम्हाला ती बघता येते. एक वही ठेवा आणि तिच्यात बोल कुठे पडला ते लिहूच नका. पाऊल, खांदा, बोल जमिनीला टेकला ती जागा, एवढंच लिहा.

आणि खेळणं पूर्ण सोडावं का? मी सोडलेलं नाही. क्लबात अजून लीड म्हणून खेळते, स्किप व्हायला नकार देते. मागच्या हंगामात माझे बॅकहँडचे बोल सतत आत पडत होते आणि मी ग्रीनला दोष देत होते. ज्या मुलीला मी वर्षभर चुकीचं उभं केलं होतं, ती काठावरून म्हणाली, 'ताई, पाऊल बघा.'